तासातासाचा आकडा : नागावच्या केरूनानांची गोष्ट

सध्या कॉलेजात एक शब्द सगळीकडे ऐकू येतो, तो म्हणजे डेटा. रिसर्च मेथडॉलॉजीचं वर्कशॉप, एक्सेलचं एक दिवसाचं सेशन, पायथनची तोंडओळख, 'आविष्कार'साठी पोस्टर कसं करायचं याचं मार्गदर्शन. सर्टिफिकेट मिळतं, चहा-समोसा मिळतो आणि डेटा साफ कसा करायचा, ग्राफ कसा काढायचा हेही थोडंफार कळतं. पण शीटमध्ये तो आकडा मुळात आला कुठून, तो कोणी लिहिला आणि आपण त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे प्रश्न जेवणाच्या सुट्टीनंतर बहुतेक वेळा राहूनच जातात.

या प्रश्नांवर ज्याचं सगळं आयुष्य उभं आहे, असा एक माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. अलिबागजवळच्या नागावचा. नागाव म्हटलं की आपल्याला बीच, बनाना राइड आणि शनिवार-रविवारचं ट्रॅफिक आठवतं. पण याच नागावात 1825 मध्ये केरो लक्ष्मण छत्रे जन्माला आले. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, ही त्यांची शाळेच्या पुस्तकातली ओळख. ती खरीच आहे, पण अपुरी आहे. टिळकांना शिकवायच्या कितीतरी आधी, आपल्यापेक्षाही लहान वयात, केरूनाना आकडे लिहून घेण्याची नोकरी करत होते.

आंग्र्यांच्या मुलखातून मुंबईत

केरूनानांच्या लहानपणी नागाव इंग्रजांच्या राज्यात नव्हतं. अलिबाग आणि आसपासचा मुलूख आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता. हे संस्थान 1840 मध्ये कंपनी सरकारने खालसा केलं. त्याचाच पुढे कुलाबा जिल्हा झाला आणि 1981 मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं. तेव्हा रो-रो नव्हती, मांडव्याची लाँच नव्हती. मुंबईला जायचं तर शिडाची होडी आणि वाऱ्याची मर्जी.

केरूनाना लहानपणीच मुंबईला शिकायला गेले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना शिकवायला कोण होतं, तर बाळशास्त्री जांभेकर. मराठी वृत्तपत्रांचा पाया घालणारे म्हणून पत्रकारितेच्या वर्गात ज्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात येतं, ते हेच. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री गणित आणि खगोलाचेही जाणकार होते, आणि काही काळ मुंबईच्या कुलाब्यातल्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. दुसरे शिक्षक होते आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार. ते एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते आणि याच वेधशाळेचे प्रमुखही होते.

इथे नावाचा एक घोटाळा आधीच सोडवून टाकू. अलिबागच्या समुद्रातला किल्ला कुलाबा, आणि मुंबईच्या दक्षिण टोकाचा भागही कुलाबा. केरूनाना एका कुलाब्याच्या मुलखातून निघाले आणि दुसऱ्या कुलाब्यात नोकरीला लागले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधली होती, ती तारे पाहायला आणि जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. 1841 पासून तिथे एक नवं काम सुरू झालं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं. या कामाला हुशार, वक्तशीर आणि गणित येणारी मुलं हवी होती. ऑर्लेबारांनी आपल्या विद्यार्थ्यांमधून केरूनानांना निवडलं. तेव्हा त्यांचं वय जेमतेम पंधरा-सोळा, म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं.

सुईवर नजर

आता हे काम नक्की काय होतं ते बघू. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून स्थिर उभी असते असं आपल्याला वाटतं. पण ती स्थिर नसते. दिवसभरात ती अगदी किंचित इकडे-तिकडे सरकते. सूर्य वर चढतो तशी सरकते, रात्री निराळी वागते आणि कधीकधी अचानक बिथरते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही इतका सूक्ष्म असतो. म्हणून चुंबक बारीक धाग्याने टांगून ठेवायचं, आणि दुरून दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा. माणूस फार जवळ गेला तर त्याच्या खिशातल्या लोखंडी किल्लीनेसुद्धा आकडा बिघडू शकतो.

हे एका दिवसाचं काम नव्हतं. जर्मनीत गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी एक गोष्ट पटवून दिली होती. पृथ्वीचं चुंबकत्व समजून घ्यायचं तर एका ठिकाणचे आकडे पुरत नाहीत. जगभर वेगवेगळ्या ठिकाणी, आधी ठरलेल्या वेळी, एकाच पद्धतीने नोंदी घ्यायला हव्यात. मग ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींमध्ये वेधशाळांची साखळी उभी केली. कुलाबा त्या साखळीतली एक कडी होती. आजच्या भाषेत सांगायचं तर हा जगभरचा एकत्र डेटा प्रोजेक्ट होता, फक्त इंटरनेट नव्हतं. आकडे कागदावर उतरत आणि जहाजाने जात.

1840 च्या दशकात कुलाब्याला दर तासाला नोंद घेण्याची पद्धत बसली. दर तासाला म्हणजे रात्रीसुद्धा. पावसाळ्यातल्या रात्री दोन वाजता, दिव्याच्या उजेडात, दुर्बिणीला डोळा लावून. फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं तिथे आली ती 1870 च्या सुमारास. तोपर्यंत ही सगळी कामं माणसांनी डोळ्यांनी केली. केरूनाना या कामात सुमारे दहा वर्षं होते. सोबत हवेचे वेध होते: तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस.

आणि इथेच आपल्या वर्कशॉपचा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. चुंबकाचा आकडा एकटा कधीच लिहीत नसत. सोबत वेळ हवी. कोणत्या उपकरणावर घेतला ते हवं. चुंबक गरम झालं की त्याची ताकद थोडी बदलते, म्हणून त्या वेळचं तापमानही हवं. या सोबतच्या माहितीशिवाय नुसता आकडा म्हणजे नाव-पत्ता नसलेलं पाकीट. आज याला मेटाडेटा म्हणतात आणि त्यावर वेगळं सेशन असतं. नागावच्या या पोराला तो शब्द माहीत नव्हता, पण त्याचं रोजचं काम तेच होतं.

मराठीतून सांगायचं

वेधशाळेत नोकरी करणाऱ्याला तिथेच थांबता आलं असतं. पण 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी मुंबईत ज्ञानप्रसारक सभा सुरू केली. तिथे मराठीतून निबंध वाचले जात. केरूनानांनी तिथे भरती-ओहोटी, हवा, काळ कसा मोजायचा अशा विषयांवर निबंध वाचले. भरती-ओहोटी तर आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक कोळ्याला पाठ. पण चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे ती का होते, हे मराठीत मांडायचं म्हणजे आधी शब्दांपासून तयारी करायला हवी होती. तेव्हा शास्त्राची मराठी अजून घडत होती. केरूनाना ती घडवणाऱ्यांपैकी एक. पुढे त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पाठ्यपुस्तकंही मराठीत लिहिली.

1851 च्या सुमारास ते पुण्याला गेले आणि शिकवण्याच्या कामात शिरले. पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, ते गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. एक गंमत लक्षात घ्या. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 1857 मध्ये. केरूनाना शिकले त्याच्या खूप आधी. त्यामुळे बीएच्या मुलांना शिकवणाऱ्या या प्राध्यापकाकडे स्वतःची बीएची पदवी नव्हती. असणारच नव्हती, कारण ती द्यायला विद्यापीठच नव्हतं. त्यांच्याकडे होती ती वेधशाळेतली दहा वर्षं. 1870 च्या दशकात डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या बाळ गंगाधर टिळकांना गणित आणि ज्योतिषाची गोडी लागली ती त्यांच्याच हाताखाली. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताबही दिला.

नांदगावचं पुस्तक आणि आकाशातला ग्रह

पण केरूनानांच्या आयुष्यातला खरा झगडा वर्गातला नव्हता. तो पंचांगाचा होता, आणि त्याचं एक टोक पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर आहे.

मुरूडजवळचं नांदगाव आपल्याला सिद्धिविनायकाच्या देवळामुळे माहीत असतं. या नांदगावात पाचशे वर्षांपूर्वी गणेश दैवज्ञ नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनी 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' हा ग्रंथ लिहिला. ग्रहांची गणितं तेव्हा फार किचकट होती. गणेश दैवज्ञांनी त्यातली त्रिकोणमिती काढून टाकली आणि साध्या बेरीज-गुणाकाराने ग्रह कुठे आहे ते काढता येईल अशी पद्धत बसवली. ती इतकी सोयीची होती की महाराष्ट्रातली पंचांगं पुढची तीनशेहून जास्त वर्षं याच ग्रंथावरून होत राहिली. आजच्या भाषेत, एका माणसाने लिहिलेलं सॉफ्टवेअर तीन शतकं चाललं.

अडचण अशी की कोणतीही गणिती पद्धत हळूहळू आकाशापासून सुटत जाते. पहिल्या वर्षी चूक दिसत नाही. शंभर वर्षांत थोडी दिसते. तीनशे वर्षांत ग्रहण किंवा ग्रहांची युती पंचांगात लिहिलेल्या वेळेला होत नाही. गणेश दैवज्ञ आणि त्यांचे वडील केशव हे स्वतः वेध घेणारे होते. जुन्या ग्रंथातले आकडे आकाशाशी जुळेनात, म्हणून तर त्यांनी नवं गणित केलं होतं. पण नंतरच्या लोकांनी त्यांचं पुस्तक घेतलं आणि त्यांची सवय सोडून दिली. आकाशाकडे बघणं थांबलं, नुसती कॉपी-पेस्ट सुरू राहिली.

केरूनानांना हे पटण्यासारखं नव्हतं. दहा वर्षं दर तासाला सुई वाचलेल्या माणसाला, पुस्तकात काय आहे यापेक्षा समोर काय दिसतं याची किंमत जास्त. त्यांनी युरोपातल्या नव्या, अचूक वेधांवर आधारलेल्या सारण्या अभ्यासल्या आणि 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक मराठीत काढलं. कोष्टक म्हणजे तक्ता. मराठी जाणणाऱ्या कोणत्याही ज्योतिषाला ग्रहांच्या खऱ्या जागा काढता याव्यात, हा त्याचा उद्देश. पुस्तकात नुसता निष्कर्ष दिलेला नाही. दुसऱ्याला स्वतः गणित करून बघता येईल अशी सामग्री दिली आहे. आपण आज ज्याला ओपन डेटा म्हणतो, त्याच्या हे फार जवळचं आहे.

मग 1865 मध्ये आबासाहेब पटवर्धन यांच्या मदतीने त्यांनी नवं पंचांगच सुरू केलं. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणू लागले. त्यात ग्रहांची गणितं जहाजांवर वापरल्या जाणाऱ्या 'नॉटिकल अल्मनॅक'च्या आधाराने केलेली होती. राशिचक्र नेमकं कुठून सुरू होतं हा जुना वाद होता. त्यासाठी केरूनानांनी रेवती नक्षत्राचा तारा धरला, आकाशात बोट दाखवून सांगता येईल असा.

बरोबर असूनही

इथे गोष्ट सोपी असती तर सगळ्यांनी नवं पंचांग उचलून धरलं असतं. तसं झालं नाही. मोजक्या लोकांनी ते मानलं. बाकी घरांत जुनंच पंचांग चालू राहिलं. कारणं समजण्यासारखी आहेत. पंचांग हे काही नुसतं गणित नाही. एकादशी कधी, श्राद्ध कधी, लग्नाचा मुहूर्त कधी, हे सगळं त्यावर ठरतं. शेजारच्या घरात आज संकष्टी आणि आपल्या घरात उद्या, हे कोणाला चालणार? दुसऱ्या बाजूने, सुधारणा हवी असलेल्यांमध्येही एकमत नव्हतं. ऋतूंशी जुळणारी सायन पद्धतच घ्यावी असं म्हणणारे विद्वान केरूनानांवर वर्तमानपत्रांतून टीका करत होते.

आपल्याला वर्कशॉपमध्ये असं काहीसं वाटू लागतं की डेटा बरोबर असला की काम झालं. लोक ग्राफ बघतील आणि मान डोलावतील. केरूनानांचा अनुभव तसा नाही. ग्रहाची जागा बरोबर होती, गणित बरोबर होतं, पुस्तक मराठीत होतं, तरी सवय जिंकली. त्यांनी मात्र लोकांना आवडेल म्हणून आकडा वाकवला नाही, आणि लोक ऐकत नाहीत म्हणून काम सोडलंही नाही. 1884 मध्ये ते गेले, तेव्हाही हा वाद सुटलेला नव्हता.

पण शिष्य होते. टिळकांनी पुढे पंचांगशुद्धीचा विषय हातात घेतला, आणि रेवतीचा तारा धरणारं पंचांग टिळक पंचांग म्हणून रूढ झालं. कोकणात आजही काही घरांत ते चालतं. त्या घरांत मकरसंक्रांत 14-15 जानेवारीऐवजी 10 जानेवारीच्या आसपास येते, आणि अधिक महिन्याच्या एखाद्या वर्षी गणपतीसुद्धा बाकीच्यांच्या महिनाभर आधी बसतात. तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर त्यांच्या घरच्या या वेगळेपणाची मुळं नागावच्या केरूनानांपर्यंत जातात.

त्या रात्रींचं पुढे काय झालं?

आता पुन्हा सुईकडे. केरूनाना पुण्याला गेल्यावरही कुलाब्यात तासातासाची नोंद चालूच राहिली. 1859 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि पृथ्वीचं चुंबकत्व काही तास अक्षरशः हेलकावलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या सहायकांनी त्या वेळी मोजपट्टीवर जे दिसलं ते लिहून ठेवलं. आकडा नेहमीपेक्षा इतका वेगळा होता की, हे चुकलं असणार असं म्हणून कोणी तो खोडून नेहमीसारखा आकडा लिहिला असता, तर कोणाला कळलंही नसतं.

पण त्यांनी तसं केलं नाही. 2003 मध्ये, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदी पुन्हा तपासल्या. चुंबकीय तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद तिथे होती. तुलनेसाठी बघा: 1989 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज ज्या सौरवादळाने नऊ तास घालवली, ते जागतिक निर्देशांकावर साधारण 590 नॅनोटेस्लाचं होतं. दोन्ही आकडे मोजण्याची पद्धत वेगळी आहे, पण अंदाज येतो. उपग्रह आणि वीजवाहिन्या किती मोठ्या वादळासाठी तयार ठेवायच्या, या चर्चेत आज जगभर कुलाब्याचा तो आकडा घेतला जातो. तो लिहिणाऱ्याला उपग्रह म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

1859 ची ती नोंद केरूनानांची नाही. पण ती घेण्याची शिस्त ज्या दशकात बसली, त्या दशकात ते तिथे होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी 1910 मध्ये कुलाब्याच्या 1846 ते 1905 या काळातल्या चुंबकीय नोंदी दोन भागांत छापल्या. केरूनाना कामाला असतानाच्या रात्रीही त्यात आल्या.

याच मूस यांच्यामुळे गोष्ट आपल्या किनाऱ्यावर परत येते. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांजवळ चुंबकाचे वेध बिघडतात. मग नवी जागा शोधली गेली, ती अलिबाग. लोखंड टाळून, पोरबंदरच्या दगडात इमारत बांधली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुई सुखरूप अलिबागला पोहोचली होती. ज्या कामासाठी नागावचा मुलगा मुंबईला गेला, ते काम त्याच्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत येऊन थांबलं. आज ही वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्थाही नवी पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे.

आपल्या शीटचं काय?

तुमचा प्रोजेक्ट कदाचित सौरवादळाचा नसेल. वरसोलीच्या किनाऱ्यावर किती प्लॅस्टिक सापडतं, रेवदंड्याच्या बाजारात सुरमईचा भाव कसा बदलतो, हॉस्टेलमधली मुलं किती झोपतात, असं काहीतरी असेल. तरी प्रश्न तेच आहेत. आकडा कोणी घेतला, किती वाजता, कशाने मोजला, हे शीटमध्ये आहे का? राहिलेली नोंद कोरी ठेवलीय, की सबमिशनच्या आदल्या रात्री अंदाजाने भरलीय? विचित्र आकडा आला तेव्हा तो पुन्हा तपासला, की गाइडला आवडणार नाही म्हणून काढून टाकला? आणि तुमच्यानंतर येणाऱ्या एफवायच्या पोराला ती शीट उघडून काही कळेल का?

पुढच्या वर्कशॉपला सॉफ्टवेअर जरूर शिका, ते लागतंच. आणि शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना हे वरचे प्रश्नही विचारा. अलिबागच्या वेधशाळेत सुईची नोंद आजही चालू आहे, आता माणसाऐवजी यंत्रं ती घेतात. पण नोंदीसोबत वेळ आणि उपकरण आजही लिहिलं जातं, केरूनानांच्या वेळेसारखंच.